रुख्मिणीची खाडी

“भरती? कशाची भरती, वहिनी?” व्यंकटी हसला. “पोलिसाची का होमगार्डाची?”

“पाण्याची वो, भाऊजी. आज अष्टमी हाय. म्हंजी सहाला पुरी भरती. तिकडं खाडीला बी तसंच असंल ना?”

रुख्मिणी हातातला झाडू तसाच धरून उभी होती. मी टेबलामागे वर्तमानपत्रांच्या घड्या घालत होते. माझे हात थांबले.

व्यंकटी राणीसावरगावचा, तिच्या सासरच्या गावचा. गंगाखेडच्या गाडीला वेळ होता, ऊन मी म्हणत होतं, म्हणून तो आमच्या सोनपेठच्या वाचनालयात पाणी प्यायला शिरला. तिच्याकडे दोनदा बघून म्हणाला, “तुमी गोपाळदादाच्या घरच्या न्हवं? मी अन् दादा खाडीत एकाच कॅम्पात होतो की.” एकतीस वर्षांत नवऱ्याची खबर घेऊन तिच्यापुढे आलेला हा पहिला माणूस. आणि तिनं त्याला आधी विचारलं ते पाण्याचं.

“पाणी कुठलं आलंय तिथं? खाडी म्हंजी अरबाचा मुलुख. नुसती वाळू. सकाळी बस कामावर न्यायची, सांजच्याला आणून सोडायची. समिंदर मी दोनदा बघितला, तेबी बसच्या काचंतून.”

“मग चिखलातल्या तिसऱ्या-शिंपल्या काढायला बायका येत न्हाईत? ओहोटीला?”

“बायका?” त्याला आणखीच हसू आलं. “वहिनी, कॅम्पात बाई दिसली तर फकस्त सपनात.”

रुख्मिणीनं माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा घड्या घालू लागले.

ती माझ्याकडे आली तेव्हा बावीसची असेल. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी गोपाळ कामाला म्हणून गेला आणि सासरच्यांनी तिला माहेरी, सोनपेठला आणून सोडलं. वाचनालयाला झाडलोटीला बाई हवी होती. मालक कुठं असतात, असं मी विचारलं, तर म्हणाली, “खाडीत गेलेत. एजंटानं नेलं, असं सासरा म्हनला.”

हैदराबादकडचे एजंट हिंदीत बोलताना अरबांच्या मुलखाला खाडी म्हणतात. कामाला बाहेर जाणाऱ्या इथल्या माणसांना हे ठाऊक होतं. मला नव्हतं. मी रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावातून लग्न होऊन इथं आलेली. खाडी म्हटलं की मला मागील दारचा धक्का दिसायचा, चिखलात कलंडलेली होडी दिसायची, सुकत घातलेल्या जाळ्यांचा वास यायचा. बारा वर्षांत सोनपेठमध्ये कुणाच्या तोंडून तो शब्द ऐकला नव्हता. तो या पोरीच्या तोंडून ऐकला आणि मी तिला समोर बसवून संध्याकाळपर्यंत बोलत राहिले.

“रोज दोनदा पाणी येतंय अन् दोनदा जातंय?” ती म्हणाली. “मग आपल्या गंगेला कामून येत न्हाई?” गोदावरीला इथं गंगाच म्हणतात.

तिला अक्षरओळख नव्हती. नवरा राहतो तो मुलुख वाचायचा म्हणून ती वर्षभरात वाचायला शिकली. इतक्या हट्टानं शिकलेलं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही. अनुदान आलं की मी यादीत खाडीचं एक पुस्तक घालायचे. खाडीकाठच्या तिवरांच्या झाडांचं आणि पाणपक्ष्यांचं एक, होड्या बांधणाऱ्या सुतारांचं एक, कोळ्यांच्या गाण्यांचं आणि शिमग्याचं एक, माशांच्या कालवणांचं एक. समितीचे माणिकराव कुरकुरायचे, “बाई, इथं तूर अन् कापूस. मासळीचं कोण वाचतंय?” वाचणारी एक होती. दुपारी कुणी नसताना ती खिडकीखाली बसून ओठ हलवत वाचायची. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे तिला एका पुस्तकात सापडलं. तेव्हापासून ती कॅलेंडर बघून सांगायची, “बाई, आज तिकडं लय मोठी ओहोटी. कालवं काढायला बरी.” जन्मात तिनं खडकाला चिकटलेलं कालव पाहिलं नव्हतं. पण अख्ख्या तालुक्यात माझ्याशी कालवांबद्दल बोलणारी ती एकटीच होती.

नऊ वर्षं अशी गेली. मग एकदा आठवडी बाजारात तिचा दीर सटवाजी भेटला. गोपाळची चौकशी केली तर म्हणाला, “खाडीतच हाय की. विमानानं गेलेला मानूस, सहजासहजी येतोय का?” मी हातातली वांगी परत टोपलीत ठेवली. विमानानं म्हटल्यावर मला सगळं समजलं.

उद्या सांगू, असं ठरवून मी घरी आले. दुसऱ्या दिवशी ती नवं पुस्तक घेऊन बसली होती आणि होडीच्या नाळेचं, पुढच्या निमुळत्या टोकाचं चित्र मला दाखवत होती. मी म्हटलं, परवा सांगू.

त्याच वर्षी देवगाव फाट्यावरच्या बन्सीधरचं स्थळ आलं. चहाचं हॉटेल होतं, बायको वारलेली, माणूस निर्व्यसनी. रुख्मिणीचा भाऊ सोडचिठ्ठीचं बघायला तयार होता. ती मला विचारायला आली. खरं म्हणजे विचारायला नव्हे, सांगायलाच. “बाई, पुस्तकात लिवलंय ना, नारळी पुनवेला होड्या जातेत अन् पावसाच्या आदी माघारी येतेत. गेलेला मानूस येतोय तिथला. मी न्हाई म्हनून सांगितलं.”

तेव्हा बोलायचं होतं. मी म्हणाले, “बघ बाई, तुझं तू.” त्यानंतर दर वैशाखात ती घराच्या भिंती सारवून घ्यायची. मी काही विचारत नसे.

व्यंकटी आता निघायच्या बेतात होता. पाण्याचा पेला टेबलावर ठेवून म्हणाला, “दादा हुशार निघाला. एकवीस वर्सं झाली, गाशा गुंडाळून आला. हैदराबादेत टायरचं दुकान हाय. थोरल्या पोरीच्या लग्नाला मी जाऊन आलो ना...” आणि त्याचं लक्ष तिच्या कपाळावरच्या कुंकवाकडे गेलं. “तुमाला... सटवाजीनं सांगितलं न्हाई का?”

“न्हाई,” रुख्मिणी म्हणाली.

“मला वाटलं, तुमचं तुटलेलं असंल कायद्यानं...” तो पिशवी उचलून मागच्या मागे सरकला. “गाडी लागली असंल, वहिनी. येतो.”

ती राहिलेला अर्धा हॉल झाडून झाली. केर सुपलीत भरला, बाहेर टाकून आली. मग टेबलापाशी उभी राहिली.

“बाई, तुमाला ठाव होतं?”

“गोपाळ परत आल्याचं नव्हतं गं माहीत. देवाशपथ.”

“ते न्हाई इचारलं. खाडीचं ठाव होतं का?”

सत्तरीला आले तरी मला खोटं नीट बोलता येत नाही. म्हणूनच मी इतकी वर्षं गप्प राहिले असेन.

“होतं.”

“कवापसून?”

“बन्सीधरचं स्थळ आलं त्याच्या आधीपासून.”

तिनं मान हलवली. भाजीचा भाव ऐकून हलवावी तशी. रडेल असं वाटलं होतं, रडली नाही. “त्यो गेला तवा मला कायच येत न्हवतं. मला फसवनं सोपं होतं. तुमी तर आदी वाचायला शिकवलं अन् मंग फसवलं.”

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. “समुद्र एकच असतो, रुख्मिणी. तिथलं आणि आमच्याकडचं पाणी जोडलेलंच आहे. वाचलेलं वाया जात नाही.”

“आमच्याकडचं,” ती म्हणाली. “बाई, तुमचं म्हायेर होतं ते. ते मी कामून वाचलं?”

माहेरच्या घराचा भावांनी केव्हाच सौदा केला होता. धक्क्यावर आता राहण्याजेवणाचं हॉटेल आहे म्हणतात. ती पुस्तकं कुणासाठी मागवली, हे मलाही त्या दिवसापर्यंत कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती येणार नाही असं मी धरून चालले होते. ती वेळेवर आली. फरशी पुसली, माठ भरला, वर्तमानपत्रं काठ्यांना लावली. खाडीच्या पुस्तकांवरची धूळही तिनं इतर पुस्तकांसारखीच फडक्यानं झटकली.

मग हजेरीपट घेऊन मी तिच्यापुढे ठेवला आणि रोजच्यासारखं सहीला पेन दिलं. तिनं पेन घेतलं नाही. टेबलावरचं शिक्क्याचं पॅड पुढे ओढलं, डावा अंगठा त्यात दाबला आणि स्वतःच्या नावापुढच्या चौकटीत उठवला. पदराला शाई लागू नये म्हणून अंगठा तसाच उभा धरून ती हात धुवायला गेली.