मागच्या भिंतीवरचं ताजं सिमेंट

सणसवाडीच्या कंपनीत अठरा वर्षं मी माल तपासते. काहीही समोर आलं की आधी खोट शोधायची, ही खोड घरीही सुटत नाही. माझा नवरा मच्छिंद्र म्हणतो, "ललिता, तू चहाचा कपसुद्धा उलटा करून बघतेस."

तरी कवठे येमाईतलं हौशीराम आप्पांचं दगडी घर घ्यायला निघाले, ते आबांमुळं. आबा म्हणजे माझे वडील, म्हाळू. वय ऐंशी. जन्मात पोरीकडं काही मागितलं नाही, आणि आता एकच धोशा, "घ्यायचं तर त्येच घर घे." का, ते सांगायला तयार नाहीत. घर सव्वाशे वर्षांचं, गावातलं पहिलं माडीचं. माझी सगळी शिल्लक त्यात जाणार होती. त्या पैशात शिक्रापूरला फ्लॅट आला असता.

एजंटानं आमची ओळख 'सणसवाडीची पार्टी' एवढीच करून दिली होती. विसाराच्या कागदावर, माझ्या माहेरच्या नावात, वडलांचं नाव वाचून आप्पा थबकले. "म्हाळू? ओढ्यापल्याडच्या बौद्धवस्तीतला?" मी व्हय म्हणाले. त्यांनी खाली बघूनच सही केली. झालं, आता जात कळली, हा म्हातारा शब्द फिरवणार, असं मी मनाशी धरूनच चालले.

खरेदीखताला आठवडा होता तेव्हा मी न सांगता गेले. मागच्या भिंतीला लावलेली कडब्याची गंज हलवलेली होती, आणि काळ्या दगडावर सिमेंटचं ताजं ठिगळ! शेजारच्या गिताबाई कुजबुजल्या, "धन काढलं आसंल बाई." धनाबिनावर माझा विश्वास नाही. भिंतीला तडा असणार आणि तो माझ्या गळ्यात मारायचा बेत असणार. मी सरळ दगड उचलला आणि ठिगळावर घातला. सिमेंट अजून ओलसर होतं, ते निघून आलं.

आत तडा नव्हता. भिंतीत बसवलेली दगडी पन्हळ होती, तोंडात चिंध्या कोंबलेली.

आवाज ऐकून आप्पा बाहेर आले. मला बघून ते खाली पायरीवर बसले.

"काय झाकलंत हे?"

"आतनं पानी वतायचं, भायेर ह्यातनं पडायचं," ते म्हणाले. "तुमच्या मान्सांसाठी केल्यालं. तांब्या इटाळू ने म्हून. मी वतायचो. म्हाळू न् मी एका वयाचे. येकदा मी मुद्दाम मधीच थांबलो आन् हासलो. त्यो वंजळ धरून हुभाच ऱ्हायला. लई येळ."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. आबांना हेच घर का हवं होतं ते तेव्हा कळलं, आणि मला कधीच सांगितलं नाही म्हणून त्यांचाही राग आला.

"मग बुजवलंत कशाला? लाजेनं, का सौदा मोडेल म्हणून?"

"दोन्हीला," आप्पा म्हणाले. "खोटं कशाला बोलू?"

अठरा वर्षांत एवढं सरळ उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. मी म्हणाले, "सौदा मोडत नाही. पण ही पन्हळ मोकळी करून द्यायची."

खरेदी झाली त्याच दुपारी आप्पा किल्ली घेऊन दाराशी थांबले होते. मी कुलूप काढून वळले, तर बरोबर आलेले आबा नाहीत. ते सवयीनं मागच्या भिंतीशी जाऊन उभे होते. पन्हळ त्यांच्या छातीला लागत होती.

"तवा लई उंच वाटायची," ते म्हणाले.

"आबा, पुढनं या," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.

ते पुढून आले, उंबरा ओलांडून आत गेले. आप्पांनी भरून ठेवलेली पाण्याची कळशी त्यांनी उचलली आणि मागच्या खोलीतून हाक दिली, "हौशा, जा मागं. वंजळ धर."

आप्पा मागं गेले, वाकले, ओंजळ धरली. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. माझं लक्ष पन्हळीच्या तोंडावर. आबा मधेच थांबणार, अशी माझी खात्रीच होती. त्यांच्या जागी मी थांबले असते.

पाणी पडायला लागलं. आप्पा पीत होते.

भिंतीआडून आबांचा आवाज आला, "पी दमानं. मी मधी थांबत न्हाई."