शीतलचे प्लॅटी

शीतल डेंग्यूने गेली, तेव्हा चारकोपच्या छोट्या घरात आई, बाबा आणि टाकीतले तिचे लाल-केशरी प्लॅटी मासे उरले. पहिल्या पगारातून तिनेच ते आणले होते. "यांचं काही करावं लागत नाही गं आई. चिमूटभर खाणं, अधूनमधून पाणी बदलायचं, बस."

शीतलच्या नावाने पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर तिची आई शकु नवऱ्याला म्हणाली, "अहो, टाकी कुणाला तरी देऊन टाका. मला बघवत नाही."

शिवदासने ऐकलं नाही. कामावरून आला की तो टाकीपुढे स्टूल घेऊन बसायचा. माशांना पिल्लं झाली, त्यांच्याशी बोलायचा. शकुसमोर मात्र लेकीचं नाव काढायचा नाही.

मग त्याचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. दवाखान्यात जाताना म्हणाला, "माशांना विसरू नकोस."

शकु पहिल्यांदाच टाकीजवळ गेली. सगळे मासे काचेशी गोळा झाले, तोंडं उघडायला-मिटायला लागले. तिने खाणं टाकलं. ते संपवून पुन्हा आले. तिने पुन्हा टाकलं. तापात शीतलने पेजेचा घोटसुद्धा घेतला नव्हता. "खा रे, खा," म्हणत शकु येता-जाता मुठीने घालत राहिली. पाणी गढूळ झालं, वास मारायला लागलं. ती पाणी बदलायला गेली, तोवर एकही मासा जिवंत नव्हता.

शिवदास घरी आला तशी ती दारातच म्हणाली, "मासे मेले. माझ्या हातून मेले. मागत होते, मी देत राहिले."

"चिमूटभर म्हणून सांगितलं होतं ना शीतलने!" तो ओरडला आणि पोटावरच्या टाक्यांना हात लावून मटकन खाली बसला.

"ती जेवली नाही हो शेवटी. काहीच नाही."

त्याला वाकता येत नव्हतं, म्हणून शकुनेच मगाने टाकी उपसली. तो बघत राहिला.

"नवे आणू?" त्याने विचारलं.

"नको."

जेवायला शेवग्याची आमटी होती. शिवदास म्हणाला, "तिला फार आवडायची."

"तिला वासही सहन व्हायचा नाही."

"माझ्यासमोर तर चाटूनपुसून खायची."

"शेंगा तुम्ही हौसेने आणायचात. म्हणून खायची."

शिवदासने हातातला घास ताटात ठेवला. ती गेल्यापासून तो पहिल्यांदाच रडला. शकु सरकून त्याच्याजवळ बसली.