दोनच सीटची गाडी

सुताराने काम बंद केलं, तरी त्याच्या छोट्या ट्रकला काही सुट्टी मिळाली नव्हती. दर रविवारी नात्यागोत्यातलं कुणाचं तरी कपाट, फ्रिज नाहीतर पलंग त्यात चढायचाच. नाही म्हणणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. शेवटी एका शनिवारी त्याने ट्रक देऊन त्या बदल्यात टप उघडता येणारी, दोनच सीटची लाल गाडी आणली. बायको काय म्हणेल, या धास्तीने तो दारातच घुटमळला.

तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला. "भाऊजी, उद्या सोफा हलवायचाय. ट्रक आणता ना?"

"ट्रक दिला रे. आता गाडीत दोनच माणसं मावतात."

"अरेच्चा! बरं, मग टेम्पो बघतो," म्हणत मेहुण्याने फोन ठेवला. सुतार फोनकडे बघतच राहिला. इतकं सोपं होतं?

बायको मागे उभी राहून सगळं ऐकत होती. गाडीभोवती चक्कर मारून ती म्हणाली, "या वयात शोभते का ही आपल्याला?"

"नाही शोभत."

"मग टप उघडा की," म्हणत ती आत बसलीसुद्धा. सुतारही शेजारी बसला. त्याने हसत किल्ली फिरवली.