लटकत्या चाकाचे माप

गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहिलेला आकडा एकच होता. मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. ‘उभी’पुढे माप होते, ‘लटकती’पुढे कोरी भिंत.

तांत्रिक विद्यालयात शिकून बाहेर पडल्यापासून चाळीस वर्षांचा त्यांचा नेम होता. गाडीची उंची वाढवली की शाफ्टसाठी दोन मापे घ्यायची: पहिले गाडी चाकांवर उभी असताना, दुसरे ती जॅकवर उचलून चाके लोंबत असताना. इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा तो दांडा दोन तुकड्यांचा. एक तुकडा दुसऱ्यात सरकतो. चाक खड्ड्यात उतरले की तो ताणला जातो, आणि लांबी अपुरी पडली तर तुकडे सुटतात. काल गुडघ्यांनी दगा दिला होता. पुन्हा गाडीखाली शिरण्याऐवजी मास्तर स्वतःशीच म्हणाले होते, "नजरेनं कळतंय की." स्प्रिंगच्या नव्या पाट्यांनी चार इंच उंच झालेल्या त्याच गाडीतून त्यांची परिचारिका मुलगी सकाळी लसींची पेटी घेऊन घाटावरच्या वस्त्यांकडे गेली होती.

"पोरीचा फोन लागतोय का गं?"

"घाटात कधी लागलाय?" पत्नी म्हणाली. "आणि असे पांढरेफटक का पडलात?"

"घोडचूक झालीय माझ्या हातून."

"तुमच्या? चहातली साखरसुद्धा मोजून घालता तुम्ही!"

मास्तरांनी स्कूटर काढली.

सातव्या वळणाच्या वर, चढावर, गाडी तिरकी थांबली होती. एक मागचे चाक खड्ड्यात, शाफ्टचा तुकडा जमिनीला टेकलेला. पुढच्या चाकांना इंजिनाचा जोर देणारी जोडणी केव्हाच निकामी झालेली. गिअर काय, हातब्रेक काय, दोन्ही शाफ्टवाटेच चाके धरणारे, म्हणून आता कुचकामी. मुलगी दोन्ही पाय ब्रेकवर रोवून बसली होती. मागे दरी. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते.

"बाबा, दीड तास झाला. पाय बधिर झालेत. सुटतील हो!"

"बोलू नकोस. दाबून धर."

रांगत, गुडघे सोलवटत त्यांनी दगड लोटत आणले आणि एकेका चाकामागे ठोकून बसवले.

"सोड आता."

"आधी तुम्ही मागून बाजूला व्हा!"

"दगड मी लावलेत. सोड."

गाडी बोटभर सरकली. दगड करकरला. थांबली.

मुलगी दाराला धरून कशीबशी खाली उतरली. "तुम्हाला कळलं कसं?"

"दुसरं माप मी घेतलंच नव्हतं."

लसींची पेटी उचलून तिने खडकाच्या सावलीत नेऊन ठेवली. मास्तरांनी खिशातून टेप काढली आणि ते वाकू लागले.

"द्या इकडे," ती म्हणाली.

टेप क्षणभर त्यांच्या बोटांतून सुटेना. मग ती घेऊन मुलगी गाडीखाली शिरली.

"बाबा, लिहा."

तिने लटकत्या चाकाचा आकडा सांगितला. मास्तरांनी सवयीने खडू काढला. लिहायला भिंत नव्हती. खडू मुठीत धरून ते आकडा पुटपुटत उभे राहिले.