राणी छाप

माझे सासरे अण्णासाहेब मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी लोकांच्या बांधावरचे दगड शोधण्यात गेली, त्यामुळे दगड दिसला की अजून त्यांचे हात शिवशिवतात. आणि आम्ही राहतो त्या दुबईपलीकडच्या रास अल खैमात दगडांना काय तोटा! गावाच्या पाठीशी उघडेबोडके डोंगर, त्यांतून उतरणाऱ्या वाद्या, म्हणजे कोरडे ओढे, आणि काठाने नजर जाईल तिथवर खडकाळ माळ. तरी माणूस महिन्याभरात कंटाळला. सासूबाईंना जाऊन दीड वर्ष झालं होतं, म्हणून १९९९ची दिवाळी आमच्याकडे करा म्हणून आम्ही त्यांना आणलेलं. पण फ्लॅटमध्ये बसून ते करणार काय? टीव्हीवर अरबी बातम्या लावायचे आणि एक अक्षर कळत नसताना निवेदकाच्या चुका काढायचे.

माझा नवरा रुपेश सिमेंटच्या कारखान्यात आहे. त्याचा ब्रिटिश मॅनेजर देश सोडून जाताना एक मेटल डिटेक्टर मागे ठेवून गेला होता. रुपेशने तो अण्णांच्या हातात दिला आणि सांगितलं, "पूर्वीचे व्यापारी या माळावरून जायचे अण्णा. इथे आपलाच रुपया चालायचा. जुनी नाणी सापडतात म्हणे."

झालं! दर शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी आमची वरात माळावर. अण्णा कानाला हेडफोन लावून पुढे, इडल्यांचा डबा घेऊन मी मागे आणि आमची नऊ वर्षांची इशिता गाडीत तोंड फुगवून. मशीन जमिनीवरून फिरवायचं, खाली धातू असला की ते कोकलतं. मग अण्णा उकिडवे बसून दगड उचकटणार. जमीन अशी टणक की खुरपं वाकलं, तेव्हा त्यांनी माझं उलथनं घेतलं. विचारलंसुद्धा नाही! त्या उलथन्याने पेप्सीची बुचं निघाली, खिळे निघाले, गंजका मासळीचा डबा निघाला. नाणं काही निघालं नाही.

शेवटी एका गुरुवारी अण्णा जेवताना म्हणाले, "खलास. माझं तिकीट बदला. दिवाळी मी घरीच करतो."

घरी कोण होतं त्यांचं? कुलूप. रुपेशचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी तो बळेबळेच अण्णांना माळावर घेऊन गेला. पोचल्यावर थोड्याच वेळात म्हणाला, "अण्णा, त्या काळ्या दगडापाशी बघितलंत का?" अण्णांनी मशीन तिकडे नेलं आणि ते कोकललं. दगड उलटला, उलथनं चाललं आणि मातीतून काहीतरी चकाकलं. रुपेश नाचायला लागला, जरा जास्तच. अण्णांनी माती फुंकली, नाणं चष्म्याजवळ धरलं, उलटसुलट केलं. मग ते माझ्या तळहातावर ठेवलं. चांदीचा राणी छाप रुपया होता.

शंभर वर्षं खडकात पडलेल्या व्हिक्टोरिया राणीच्या कपाळाला कुंकू होतं.

माझ्याच देव्हाऱ्यातलं कुंकू! हा रुपया सासूबाई दर लक्ष्मीपूजनाला पुजायच्या. राणी बिचारी विधवा, पण आमच्या घरात तिला चाळीस वर्षं कुंकू लागलं. जाण्याआधी दवाखान्यात त्यांनी तो माझ्या मुठीत कोंबला होता. म्हणाल्या होत्या, "पूजा मोडू नकोस, सुलक्षणा." गेल्या वर्षी आम्ही सण केला नाही. यंदा माझ्या हातची पहिली पूजा, आणि या गृहस्थाने तो रुपया नेऊन खडकात पुरला! मी रुपेशकडे बघितलं. तो आभाळाकडे बघत होता.

"मम्मा, बट दॅट्स अवर दिवाळी—" इशिता म्हणाली. मी तिच्या तोंडात अख्खी इडली कोंबली.

रात्री स्वयंपाकघरात मी त्याला कोपऱ्यात घेतलं. "माझं नाणं मला परत पाहिजे."

"अगं हळू! देव्हाऱ्यात ठेवू या म्हणून मागून घेऊ."

"आणि त्यांनी ओळखलं तर?"

"अण्णांनी? त्यांनी कधी पूजेकडे बघितलंय का? त्यांचं सगळं लक्ष करंज्यांवर. बघ ना, किती खूश आहेत! तिकिटाचं नावसुद्धा काढलं नाही."

तेवढ्यात बाहेरून हाक आली. "सूनबाई, ही वस्तू आपल्याला ठेवता यायची नाही. परमुलखातली आहे. सरकारजमा करायला हवी. उद्या म्युझियममध्ये देऊन येतो."

रुपेश धावतच बाहेर गेला. "नको नको अण्णा! इथे फार लफडी असतात. पासपोर्ट ठेवून घेतात, इन्क्वायरी लावतात. फाइन माहितीये? पन्नास हजार दिरहम! म्हणजे जवळजवळ सहा लाख रुपये!" हा आकडा त्याने उभ्या उभ्या तयार केला होता.

"अस्सं," अण्णा म्हणाले. "मग जिथलं तिथे ठेवलेलं बरं." आणि रुपया बंडीच्या आतल्या खिशात गेला.

आठवडाभर मी त्या खिशाभोवती घिरट्या घातल्या. म्हटलं, द्या, चिंचेने घासून देते. म्हणाले, जुन्या वस्तूला चिंच लावत नाहीत. म्हटलं, शेजारच्या कुंदाला दाखवून आणते. म्हणाले, असली वस्तू गावभर हिंडवू नये. बंडी धुवायला मागितली, तर स्वतःच धुतली आणि ती वाळेपर्यंत रुपया मुठीत धरून बसले. मात्र स्वारी भलतीच खुशीत होती. चकलीला काटा कसा यायला हवा यावर मला धडे देत होती. आणि मी देव्हाऱ्यातल्या रुपयाच्या रिकाम्या डबीकडे बघून रुपेशला ताटात फक्त वरणभात वाढत होते.

रविवारी लक्ष्मीपूजन होतं. शुक्रवारी सकाळी पुन्हा माळावर आलो. गाडी थांबताच अण्णा म्हणाले, "तुम्ही चहा ओता. मी आलोच." काठी टेकत ते दगडांमागे दिसेनासे झाले आणि परत आले ते हात झटकत.

"ठेवलं बाबा परत. डोक्यावरचं ओझं उतरलं."

माझ्या हातातला थर्मास कलंडला. "कुठे ठेवलंत अण्णा?"

"तिकडेच कुठेतरी. आता खूण कशाला ठेवायची? पुन्हा मोह होतो."

रुपेशने मशीन उचललं. "अण्णा, आज जरा मी बघतो हं. सहज!" अण्णांनी घडीची खुर्ची उघडली, सावलीत मांडली आणि बशीत चहा ओतला. रुपेश दगडांतून मशीन फिरवायला लागला. ऊन चढलं. पाठीचा शर्ट भिजला. मशीन कोकलायचं, तो गुडघ्यांवर पडायचा, उलथन्याने खरवडायचा. बूच. पुन्हा खरवडायचा. खिळा.

"डावीकडे बघ जरा," खुर्चीतून सूचना यायची. "इतकं नाही. अरे, मोजणीवाल्याचा मुलगा ना तू? पट्टे पाड, पट्टे!"

"ही इज एन्जॉयिंग धिस," इशिता मला म्हणाली. मी तिला गप्प केलं. मीही आता हाताने दगड उलटत होते. नखं तुटली, गुडघा सोलवटला. एकेक दगड उलटताना सासूबाईंची ती मूठ आठवत होती. शेवटी माझ्याने राहवेना. मी तिथेच खडकावर बसले आणि मोठ्याने रडायला लागले.

"अण्णा, ते नाणं माझं आहे! आईंनी दिलेलं! याने नेऊन पुरलं होतं, तुम्ही जाऊ नये म्हणून. परवा पूजा आहे, मी आता काय मांडू?"

अण्णा खुर्चीतून उठले, माझ्यापाशी आले. बंडीच्या आतल्या खिशातून रुमाल काढला, त्याची गाठ सोडली आणि राणी माझ्या ओंजळीत ठेवली. कुंकू तसंच होतं.

"डोळे पूस सूनबाई. तुला उगाच त्रास झाला. मला दुसऱ्याला द्यायचा होता."

"म्हणजे..." रुपेशने मशीन खाली टाकलं. "तुम्ही ओळखलं होतं?"

"दगड उलटल्या उलटल्या. चाळीस वर्षं तुझ्या आईच्या मागे उभा राहिलोय, प्रसाद कधी मिळतोय म्हणून. तेव्हा समोर दुसरं काय दिसायचं?"

"मग पुरलं नव्हतंच? मी सकाळपासून इथे उन्हात—"

"तिचं नाणं मातीत पुरायचं?" अण्णा म्हणाले. "मी काय तिचा मुलगा आहे?"