अठ्ठेचाळीस फरश्या

साहेब, तो माणूस त्या म्हाताऱ्यांच्या घरात शिरला तो तुमचं बोट धरून. त्याने कुलूप फोडलं नाही, खिडकीतून उडी मारली नाही. त्याच्या गळ्यात तुमच्या कार्यालयाचं कार्ड होतं, कार्डावर तुमचा शिक्का होता आणि शिक्क्याखाली छापलं होतं, 'मान्यताप्राप्त दुरुस्ती कारागीर'. आता कानावर हात ठेवू नका. काय घडलं ते आधी ऐकून घ्या.

घर दुसऱ्या मजल्यावरचं, दोन खोल्यांचं. राहणारे दोघं. म्हातारा चाळीस वर्षं फरश्या बसवत आला. कामावरचे लोक त्याला ओळंबा म्हणायचे, कारण त्याने लावलेली रेघ दोरा धरून बघितली तरी हलायची नाही, आणि त्याने तोंडातून काढलेला शब्दही हलायचा नाही. म्हातारीचा खुबा मोडलेला, त्यामुळे काठी, आणि काठीपेक्षा जास्त चालणारी जीभ. त्यांना एकच लेक. ती कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीन दुरुस्त करते. दीडशे मशीन एकाच दालनात धडधडतात आणि ती हातात पेचकस घेऊन त्यांच्यामधून फिरते. दर गुरुवारी शिफ्ट सुटली की ती आईवडिलांकडे जाते.

त्या गुरुवारी ती दारात चपला काढते तोच आईने सुरुवात केली. उद्यापासून पंधरा दिवस बाथरूम बंद. सगळी फरशी उखडणार. अंघोळीला आणि बाकी सगळ्याला खालच्या मजल्यावर शेजारणीकडे जायचं, दिवसातून सहा वेळा तो जिना, ह्या खुब्यानिशी. "मला एकदाच उचलून खाली ठेवा आणि तिथेच राहू द्या," म्हातारी म्हणाली.

लेकीने विचारलं, कोणी सांगितलं उखडायला? तेव्हा सगळी हकिकत निघाली. मंगळवारी एक कार्डवाला आला होता. बोलायला गोड, शब्दाशब्दाला काका-काकू. वयस्कर लोकांची घरं तपासायला कार्यालयानेच पाठवलंय म्हणाला. बाथरूममध्ये उकिडवा बसला, लोखंडी कांबीने फरशीवर ठोकलं आणि म्हणाला, ऐकलंत ना काका, सगळ्या पोकळ झाल्यात, खाली पाणी साचतंय, एक दिवस न्हाताना काकूंसकट सगळं खाली जाईल. आणि काका म्हणाले, हो, पोकळच आहेत. लगेच कागद पुढे आला, सही झाली, थोडी आगाऊ रक्कमही गेली.

"आणि तू गप्प बसलीस?" लेकीने आईला विचारलं.

"मला काय कळतं त्यातलं? फरशी म्हणजे ह्यांचा प्रांत. हे पोकळ म्हणाले म्हणजे पोकळ."

लेक बाथरूममध्ये गेली. अठ्ठेचाळीस फरश्या, आठाच्या सहा ओळी. ती शाळेत असताना बाबांनी स्वतः बसवलेल्या. तेव्हा ती शेजारी बसून बघत होती. बाबा प्रत्येक फरशीखाली काठोकाठ सिमेंटचा माल भरायचे, जराही हातचं राखायचे नाहीत. तिने किल्लीने एका फरशीवर ठोकलं. भरीव. दुसरीवर ठोकलं. भरीव. अख्खी ओळ भरीव. खालच्या घरी जाऊन तिने छतही बघितलं. ओल नाही की डाग नाही, पापुद्रासुद्धा सुटलेला नाही.

वर येऊन तिने बाबांना तसं सांगितलं. बाबा टीव्हीकडे बघत होते. टीव्ही इतका मोठ्याने लागला होता की तिला सगळं पुन्हा ओरडून सांगावं लागलं.

"अजून उतरली नसेल ओल. उतरेल," बाबा म्हणाले. "मी स्वतः ऐकलंय. चाळीस वर्षं ऐकत आलोय. तू मला फरशी शिकवू नकोस."

आणि तिथे तिच्या डोक्यात उजेड पडला. बाबांनी काहीच ऐकलं नव्हतं. त्यांना ऐकूच येत नव्हतं. तो लुच्चा कांबीने ठोकत होता, ऐकलंत ना म्हणत होता, आणि ओळंब्याला नुसती कांब वरखाली होताना दिसत होती. ऐकू येत नाही म्हणून सांगायचं तर आयुष्यभराची विद्या त्या पोरट्याच्या पायाशी टाकायची. त्यापेक्षा हो म्हणणं सोपं. अशी चूक दुसऱ्या कोणाच्या हातून झालीच नसती. फरशीतलं काही न कळणारा म्हातारा बेधडक म्हणाला असता, अरे बाबा, मला कमी ऐकू येतं.

कार्डवाल्याला जिन्यावरून हाकलणं लेकीला जड नव्हतं. आठवड्यातून दोन सुपरवायझर ती असे हाकलते. पण त्यासाठी बाबांना खोटं पाडावं लागणार होतं, तेही आईसमोर. त्यानंतर ते कशालाही हो-नाही म्हणायला स्वतःवर विश्वास ठेवणार नाहीत, हे तिला दिसत होतं. फरशी वाचली आणि म्हातारा खचला, तर तिने मिळवलं काय? ती तशीच उठली, घरी गेली आणि दुसऱ्या दिवसाची रजा टाकली.

शुक्रवारी सकाळी आठलाच ती हजर. बाबांना म्हणाली, बाथरूममध्ये चला, तुमच्याकडे काम आहे.

"त्या कारखान्याने माझे कान खाल्ले, बाबा," ती त्यांच्यासमोर उभी राहून, ओठ नीट हलवत म्हणाली. "दीडशे मशीन चालू असताना काय डोंबल ऐकू येणार? काल मी ठोकलं, पण माझ्या कानांचा मलाच भरवसा नाही. आम्ही तिथे तळहात ठेवतो. मशीनच्या अंगावर हात ठेवायचा, कुठे काय सुटलंय ते हाताला कळतं. फरशीचंही तसंच कळेल का?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना तिची थाप कळली की नाही, हे तिला आजही ठाऊक नाही. मग ते भिंतीला धरून सावकाश खाली बसले, डावा तळहात फरशीवर पसरला आणि उजव्या हाताने गवंडीकामाच्या थापीच्या मुठीचा ठोका दिला. मान हलवली. पुढची फरशी. पुन्हा मान हलवली. तिसऱ्या ओळीपर्यंत त्यांची पाठ ताठ झाली होती. सहाव्या ओळीत, पाण्याच्या जाळीशेजारच्या फरशीवर ते थांबले. दोनदा ठोकलं, तीनदा ठोकलं. मग लेकीचा हात धरून तिथे दाबला आणि पुन्हा ठोकलं.

तिच्या तळव्याला बारीक थरथर लागली. सुटलेल्या स्क्रूची लागते तशीच.

"ही एक," बाबा म्हणाले. "बाकी सत्तेचाळीस दगड आहेत. माझ्या आहेत."

साडेनऊला कार्डवाला आला. खांद्यावर घण, गळ्यात तुमचं कार्ड. बाबा बाथरूमच्या दारात स्टूल टाकून बसले होते. त्यांनी त्याला आत घेतलं, बसवलं आणि म्हणाले, सुरू करण्याआधी एकदा ठोकून दाखव. त्याने दाराजवळच्या फरशीवर ठोकलं. ऐकलंत ना काका, पोकळ. बाबांनी जाळीशेजारची फरशी दाखवली. तीही पोकळ म्हणाला. ह्या दोघींत फरक काय, बाबांनी विचारलं. त्याने दोन्हींवर पुन्हा ठोकलं, खिडकीकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं आणि म्हणाला, फरक काहीच नाही, दोन्ही सारख्याच गेल्यात.

तेव्हा बाबा म्हणाले, "मला ऐकू येत नाही. मंगळवारीही येत नव्हतं. तुला येतं ना? मग तुला फरक कसा कळला नाही?"

बाबांनी त्याचं मनगट धरलं, तळहात एका फरशीवर टेकवला आणि ठोकलं. मग दुसरीवर टेकवला आणि ठोकलं. शाळेत घेतात तसा धडा घेतला. कार्डवाल्याने हात सोडवून घेतला आणि आवाज चढवला. मी कार्यालयाचा माणूस आहे, कागदावर सही आहे, काम नाकारलंत तर दंड बसेल, वगैरे. पण मागे दारात म्हातारी काठी आडवी धरून उभी होती. तिने शांतपणे सांगितलं की कागद आणि पैसे स्टुलावर ठेवल्याशिवाय काठी खाली येणार नाही, आणि खाली आली तर कुठे येईल तेही सांगता येत नाही. त्याने दोन्ही ठेवलं आणि काढता पाय घेतला. घण विसरून गेला. तो अजून त्यांच्या दाराला अडसर म्हणून आहे.

मग बाबा बायकोकडे वळले. काहीतरी सांगायला त्यांनी तोंड उघडलं.

"बोलू नका, माहीत आहे मला," म्हातारी त्यांच्यासमोर येऊन म्हणाली. "तीन वर्षं तुमच्या पाठीमागे तुम्हाला शिव्या घालतेय आणि तुम्ही हो हो म्हणताय. इतका गुणी नवरा मला आधी कधी मिळाला नव्हता, म्हणून गप्प होते. पण मंगळवारीही तुम्ही न ऐकताच हो म्हणालात, ते काही मला कळलं नाही हो."

बाबा हसले. लेकीने त्यांना असं हसताना कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. त्याच दुपारी त्यांनी जाळीशेजारची फरशी सोडवली. लेकीने माल कालवला. पातळ केलास म्हणून तिने बोलणी खाल्ली, पुन्हा कालवला, तेव्हा कुठे पसंत पडला. फरशी बसली. बाबांनी तळहात ठेवून ठोकलं आणि मान हलवली. म्हातारीने चहा टाकला, आणि तिघांनी तो बाथरूमच्या उंबऱ्याशीच बसून प्यायला, कारण ओल्या फरशीवर पाय पडू नये म्हणून बाबा तिथून हलायला तयार नव्हते.

सोमवारी बाप-लेक तुमच्या कार्यालयात आले होते. खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं की कार्डासाठी अर्ज लागतो, दोन फोटो लागतात आणि पत्त्याचा पुरावा लागतो. कामाची परीक्षा? बाईंना प्रश्नच कळला नाही. कारागिराचा पत्ता तपासतात, हात तपासत नाहीत. एवढ्या लोकांची परीक्षा घेणार कोण, असं त्यांनी उलट विचारलं.

"मी घेतो," ओळंबा म्हणाला. "फुकट घेतो. एका फळीवर नऊ फरश्या बसवून आणतो, त्यातल्या दोन मुद्दाम पोकळ. ज्याला त्या दोन सापडतील त्यालाच कार्ड द्या."

अर्ज तिथेच लिहून दिला, पोच घेतली. फळी तयार आहे, दाराआड उभी आहे. बाबा रोज सकाळी तिच्यावर हात ठेवून बघतात आणि टपाल आलं का म्हणून लेकीला विचारतात. दोन महिने झाले. ह्या दोन महिन्यांत तुम्ही आणखी किती गळ्यांत कार्डं अडकवलीत, आणि ती कोणाकोणाच्या बाथरूममध्ये जाऊन बसली?

त्या अर्जाला उत्तर हवं आहे, साहेब. परीक्षा घेणार की नाही? घेणार असाल तर कोणत्या तारखेला?