पायलचा विद्यार्थी

इफ्रा शेख जुळे सोलापुरातल्या आपल्या फ्लॅटमध्ये लहान मुलांना पियानो शिकवायची. सात वर्षांची पायल आजोबांच्या स्कूटरवर मागं बसून यायची. आजोबा म्हणजे गुरुशांत. चिंचोळीच्या कारखान्यात तीस वर्षं काढून आता निवृत्त झालेले. नातीचा तास संपेपर्यंत ते दाराजवळच्या खुर्चीत बसून राहत.

पायलचा हात चांगला होता, पण घरी सराव शून्य. कीबोर्डवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग पडलेला असायचा. शेवटी इफ्रानं युक्ती काढली. "आजपासून घरी तू मिस. कुणाला तरी शिकव."

आई-बाबा दिवसभर कामावर. घरात मोकळा माणूस एकच होता.

महिन्याभरानं पायल शाळेच्या सहलीला गेली, त्या दिवशी गुरुशांत एकटेच आले.

"मॅडम, तक्रार हाय."

"पायलची?"

"न्हाय, तुमची. पोरांना लई छळता की ओ."

"मी? मी तर कधी आवाजसुद्धा चढवत नाही, काका."

"त्येच की! पायलबी चढवत न्हाय. मी चुकलो की डोळं मिटती, लांब श्वास सोडती आन् म्हणती, 'हरकत नाही.' पण अशी म्हणती, की माणसाला वाटावं लई मोठी हरकत हाय. इचारलं, हे कुटं शिकलीस? तर म्हणती, मिस असंच करतात."

इफ्राला हसू आलं, आणि कानही गरम झाले. पोरीनं तंतोतंत उचललं होतं.

"बरं, बसा. किती आलंय बघू."

गुरुशांत स्टुलावर टेकले. जाडजूड बोटांनी त्यांनी बेडकाच्या उड्यांची धून वाजवली, दोन्ही हातांनी, शेवटपर्यंत. एकही चूक नाही.

"काका! पायल तर सांगते, तिसरी ओळ तुम्हाला जमतच नाही."

"हळू बोला." पायल सहलीला गेलीय हे माहीत असूनही त्यांनी दाराकडं पाहिलं. "जमती म्हणलं की तिचं शिकवणं संपलं. चुकलो की मला बाजूला सारून चार येळा वाजवून दाखवती. चांगला चाललाय सराव, चालू द्या की."

पुढच्या रविवारी पालकांसमोर मुलांचा कार्यक्रम होता. पायलनं हट्टच धरला, "माझा विद्यार्थीपण वाजवणार." म्हणून पाच-सहा चिमुरड्यांच्या रांगेत पांढरा शर्ट घालून गुरुशांतही बसले. त्यांचा नंबर आला आणि त्यांची पंचाईत झाली. चुकावं तर लोक म्हणणार, पायलनं नीट शिकवलं नाही. न चुकावं तर पितळ उघडं पडणार. त्यांनी एकदा नातीकडं पाहिलं आणि सगळी धून स्वच्छ वाजवली.

टाळ्या पडल्या. पायलनं तेवढ्या वाजवल्या नाहीत.

"अज्जा, काल तर तिसरी ओळ येत नव्हती."

"आज आली बघ."

"खरं सांग."

गुरुशांतनी खरं सांगितलं. पायल दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी इफ्राकडं जाऊन म्हणाली, "मिस, अज्जाला अवघड धडा द्या. मलापण तोच."

इफ्रानं दिला. त्यात डावा हात एकीकडं आणि उजवा भलतीकडं पळायचा. पायलनं आठवडाभरात पहिलं पान बसवलं. गुरुशांत मात्र दुसऱ्याच ओळीत अडकले. बोटं एकमेकांवर चढायला लागली.

"अज्जा, नाटक बंद कर."

"नाटक न्हाय गं! खरंच येईना."

"मागच्या वेळीपण असंच म्हणाला होतास. परत वाजव."

त्यांनी आशेनं इफ्राकडं पाहिलं. "मॅडम, तुमी तरी सांगा की हिला."

इफ्रा वहीत डोकं घालून म्हणाली, "मी काय सांगणार, काका? तुमच्या मिस त्या आहेत."